राखीव एक्केचाळीस

रविवार, २ फेब्रुवारी
शिल्लक दिवस: ६९

रा. रा. साडूबुवा यांस,

सप्रेम नमस्कार. (सप्रेम हा शब्द पद्धत म्हणून.)

फोन तुम्ही उचलत नाही. मेसेजला दोन निळ्या खुणा येतात आणि पुढे काही येत नाही. पत्राला निळ्या खुणा नसतात. तुम्ही वाचलं की नाही हे मला कळणार नाही, आणि तुमच्यावर उत्तराचं ओझं नाही. शिवाय जे लिहायचं आहे त्यात आकडे आहेत, आणि आकडे तोंडी सांगू नयेत हे मी कामावर शिकलो.

आधीच सांगतो, हे पत्र माफीचं नाही.

गेममधला तुमचा खलाशी, बोका, अजून शीतपेटीत आहे. १२ जानेवारीला तो पडला, त्या दिवसापासून नव्वद दिवस पेटी चालते. तेवढ्यात त्याच्या मालकाने स्वतः येऊन, स्वतःचा पासवर्ड टाकून, त्याचे पेशे नव्याने निवडायचे. मूळ पेशा एक, आणि हवा तर जोडपेशा एक. नाही निवडले तर १२ एप्रिलला पेटी बंद आणि बोका कायमचा पुसला जाणार. चार वर्षांचा, एकोणचाळिसाव्या लेव्हलचा बोका. माझा ओळंबा त्याच्यासाठी काही करू शकत नाही. यंत्रज्ञाची सगळी पानं चाळून पाहिली.

नोंद राहावी म्हणून पहिल्यापासून लिहितो. माझी सवय तुम्हाला माहीत आहे.

चार वर्षांपूर्वी एका इमारतीच्या लिफ्टचं काम संपवून निघालो तेव्हा कचऱ्याच्या पिंपाशेजारी गेमचं यंत्र पडलेलं दिसलं. पंखा जाम, एक कपॅसिटर फुगलेला, बाकी ठणठणीत. तीन संध्याकाळी लागल्या. नववीत शाळा सुटलेल्या माणसाने, कुणाला काही न विचारता, ते उभं केलं. आत एकच गेम होता. एक मालवाहू अंतराळयान, त्यावरचे खलाशी, आणि खलाशांसाठी नऊ पेशे: यंत्रज्ञ, सैनिक, वैद्य, चोर, वैमानिक, हेर, व्यापारी, दुभाष्या आणि मनकवडा. नावं इंग्रजी होती, शब्दकोश घेऊन मराठी मी केली. गेम त्यांना क्लास म्हणतो. मी पेशा म्हणतो. क्लासात मी फार बसलेलो नाही, पेशात तीस वर्षं उभा आहे.

दर रविवारी दोघी बहिणी बोलत बसायच्या आणि आपण दोघे साडू मागच्या खोलीत एकमेकांची तोंडं बघत बसायचो. म्हणून खेळायला लागलो. यानाला डबा हे नाव तुम्ही ठेवलंत. मी यंत्रज्ञ घेतला, त्याचं नाव ओळंबा. आजतागायत यंत्रज्ञच आहे, जोडपेशा घेतला नाही. तुम्ही वैद्य घेतलात आणि आठव्या लेव्हलला त्याला चोर जोडलात. मी तेव्हाच विचारलं होतं, "वैद्य आणि चोर? पेशंटचे खिसे कापणार का?" तुम्ही म्हणालात, "दादा, नुसत्या वैद्यकीवर बोक्याचं भागत नाही."

तेव्हा हसलो होतो.

पुढे तुम्ही स्वतःचं यंत्र घेतलंत आणि आपण आपापल्या घरून खेळायला लागलो. १२ जानेवारीला तिसऱ्या वलयातल्या गोदामातून माल काढताना यंत्रकक्षाची भिंत फुटली. मी यंत्रकक्षात होतो, तुमची जागा वैद्यकक्षात. फोनच्या स्पीकरवर तुमचा आवाज आला, "दादा, तुम्ही दार बघा, बाकीचं मी बघतो." मी दार लावलं. माझं कवच टिकलं, डबा वाचला. वळून बघतो तर बोका माझ्या मागे, यंत्रकक्षात, आडवा. जागा सोडून तिथे कडमडायला तुम्हाला कुणी सांगितलं होतं?

१९ तारखेला सासरेबुवांच्या सत्तरीच्या जेवणात मी जे बोललो ते जसंच्या तसं असं: "जागा सोडणं हा त्याचा स्वभावच आहे. पाच नोकऱ्या सोडल्या, तिथे यानातल्या जागेचं काय. अर्धा वैद्य, अर्धा चोर. एक ना धड, भाराभर चिंध्या." तुम्ही चमचा ताटात ठेवलात, हात धुतलेत आणि निघालात. तुमची बायको, आमची धाकटी, तुमच्या मागे गेली. केक कापायचा राहिला होता.

तपशिलात चूक नाही. नोकऱ्या पाचच आहेत: औषधांचं दुकान, रुग्णवाहिका, शाळेची प्रयोगशाळा, विमा, पुन्हा रुग्णवाहिका. बोलायची जागा चुकली असेल. मजकूर बरोबर होता.

माझा सल्ला: या खेपेला पेशा एकच घ्या. वैद्य.

तुमचा थोरला साडू

(तुम्ही-तुम्ही करतोय हे लक्षात आलं असेलच.)

रविवार, १६ फेब्रुवारी
शिल्लक दिवस: ५५

साडूबुवा,

उत्तर नाही. येणार नाही असं धरूनच चाललो होतो.

"तुम्ही" लिहिताना पेन अडतं, म्हणून तू लिहितो. त्याचा अर्थ काही काढू नकोस.

जेवणातलं बोलणं मी पुराव्यानिशी सिद्ध करायचं ठरवलं आहे. नऊ पेशांच्या दोन-दोनच्या जोड्या छत्तीस. पण मूळ कोणता आणि जोड कोणता याने फरक पडतो, म्हणजे बहात्तर. प्रत्येक जोडीचा एक चाचणी-खलाशी तयार करून त्याला आठव्या लेव्हलपर्यंत न्यायचं, तिथे जोडीची खास करामत उघडते, ती वहीत लिहायची. एका खलाशाला पाऊण तास. एकोणीस झाले.

काही निष्कर्ष. मूळ व्यापारी, जोड मनकवडा: समोरचा किती देईल हे त्याने तोंड उघडण्याआधी कळतं. मूळ दुभाष्या, जोड सैनिक: शत्रूला आधी समजावतो, मग हाणतो. आपल्या सासूबाई. मूळ सैनिक, जोड दुभाष्या: आधी हाणतो, मग समजावतो. तुझी ताई, म्हणजे आमची बायको.

हे तुझ्या ताईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "एवढी मेहनत एक फोन करायला घेतली असती तर?"

"केले की. उचलत नाही तो."

"आणि उचलला असता तर काय बोलणार होतात?"

"बोका. शीतपेटी. मुदत."

"बघा," ती म्हणाली आणि धाकटीचा फोन आला म्हणून बाल्कनीत गेली. हल्ली दोघींचं बोलणं बाल्कनीत होतं, दार ओढून घेऊन. बाल्कनीची रुंदी तीन फूट चार इंच आहे. त्यात खुर्ची मावत नाही, तरी ती तासभर उभी असते. भांडण आपलं आणि पाय तिचे दुखतात, असं तिने मला दोनदा ऐकवलं.

ती आत आली तेव्हा कळलं की बोगद्याच्या कामावर तू एकटाच गेला आहेस, वर्षाच्या करारावर, धाकटीला इथेच ठेवून. तिथे त्यांना जखम बांधता येणारा आणि रुग्णवाहिका चालवता येणारा एकच माणूस हवा होता, आणि असा माणूस त्यांना चार महिने मिळत नव्हता. संध्याकाळी नेट असतं, हेही कळलं. म्हणजे अडचण नेटची नाही.

सहावी नोकरी. मी फक्त आकडा सुधारून घेतला.

रविवारी साडेपाच ते साडेसात हा आपला वेळ. त्यात आता पत्र लिहितो. बाकीचे दिवस चाचण्यांना आहेत.

थोरला साडू

रविवार, ९ मार्च
शिल्लक दिवस: ३४

साडू,

बहात्तरपैकी अठ्ठावन्न झाल्या. तुझी जोडी शेवटी ठेवणार होतो. तुझी ताई म्हणाली, "घाबरता होय तिला?" म्हणून काल केली.

इथे एक दुरुस्ती द्यावी लागते. मूळ चोर आणि जोड वैद्य असा खलाशी दुसऱ्या यानातून औषधं लांबवतो. चार वर्षं मला वाटत होतं की बोका हेच करतो. पण तुझा क्रम उलटा आहे. मूळ वैद्य, जोड चोर. त्याची करामत वेगळी आहे. तिचं नाव मी "उचल" ठेवलं. दहा पावलांच्या आत असलेल्या सोबत्याच्या अंगावरची जखम तो उचलतो आणि स्वतःच्या अंगावर घेतो. पूर्ण. अर्धीमुर्धी घेता येत नाही.

चार वर्षांत तू हे सांगितलं नाहीस. मी विचारलं नाही हेही खरं. पण माझ्या अंगावरचे ओरखडे आपोआप भरायचे, त्याला मी माझं कवच चांगलं आहे असं समजत होतो.

वैद्यकक्षापासून यंत्रकक्ष चाळीस पावलांवर आहे. काल मोजली. फक्त नोंद म्हणून लिहितो.

गेम प्रत्येक लढाईची ओळीवार नोंद ठेवतो. १२ जानेवारीची माझ्याकडे आहे. ती मी उघडलेली नाही. उघडायचं कारण नाही. कवच टिकलं हे मी डोळ्यांनी पाहिलं.

कामाचं सांगतो. एका डॉक्टरांच्या इमारतीतली लिफ्ट प्रत्येक मजल्यावर दोन सेंटिमीटर खाली थांबत होती. तिथे आधी दोन कंपन्यांची माणसं येऊन गेली, दोघांनीही पॅनेल बदला म्हणून सांगितलं. मी ब्रेकची झीज पाहिली, अस्तर बदललं, पट्टी लावून प्रत्येक मजला तपासला. फरक एक मिलिमीटरच्या आत. सोसायटीच्या सेक्रेटरीबाई खूश झाल्या आणि म्हणाल्या, "आता आलाच आहात तर लिफ्टमधला इंटरकॉमही बघा. तीन महिने मुका आहे."

मी म्हटलं, "बाई, मी लिफ्टचा माणूस आहे. तो इंटरकॉमवाल्याला दाखवा."

"पण आहे तर लिफ्टमध्येच ना?"

"आत माणसंही असतात. त्यांची दुखणी मी बघतो का?"

बरोबरच बोललो. एक पेशा, पूर्ण. तरी जिने उतरताना ते वाक्य मला स्वतःलाच ऐकू येत राहिलं. कारण कळलं नाही. (जिने उतरलो कारण तपासणीनंतर पहिली फेरी मी रिकामी सोडतो.)

थोरला साडू

रविवार, २३ मार्च
शिल्लक दिवस: २०

साडू,

नोंद उघडली. एक हजार एकशे बारा ओळी आहेत. तीनदा वाचली.

ओळ ८५५: बोका वैद्यकक्षातून निघाला.
ओळ ८६७: यंत्रकक्षाची भिंत फुटली.
ओळ ८६९: ओळंबा, जखम ३१०.
ओळ ८७०: बोका, उचल, ३१०.
ओळ ८७१: ओळंबा, जखम ०.

ओळंब्याची सोसायची ताकद २८०. बोक्याची १९०. ओळ ८७२ लिहीत नाही, ती तुला माहीत आहे.

म्हणजे माझं कवच टिकलं नव्हतं. आणि तू भिंत फुटायच्या बारा ओळी आधी निघाला होतास. वैद्यकक्षातल्या पडद्यावर माझी नाडी आणि माझ्या खोलीचा दाब दोन्ही दिसतात, मी काल तिथे उभा राहून पाहिलं. दाब घसरताना तुला दिसला. तू फोनवर म्हणालास की बाकीचं मी बघतो, आणि चाळिसातली निदान तीस पावलं धावलास.

बाकीचं म्हणजे मी होतो.

आता माझं. प्रत्येक लेव्हलला पाच पॉइंट मिळतात. त्यातला एक मी नेहमी बाजूला ठेवला, कारण लिफ्टचा माणूस सगळी ताकद कधी खर्चाला काढत नाही. एक्केचाळीस लेव्हल, दोनशे पाच पॉइंट, त्यातले एकशे चौसष्ट वापरलेले आणि एक्केचाळीस राखीव. मला या राखिवाचा अभिमान होता, तुला कितीदा ऐकवलाही. कवचाचा तिसरा थर तीस पॉइंटांना मिळतो आणि साठ ताकद देतो. घेतला असता तर माझी ताकद ३४० झाली असती. भिंत फुटली असती, मी उभा राहिलो असतो, आणि तुला कुणाची जखम उचलायची गरज पडली नसती.

यावर मी दोन रात्री झोपलो नाही. चूक कुठे ते शोधत होतो, कारण नियम चुकीचा नाही. लिफ्टच्या दोरावर जेवढा भार येतो त्याच्या बारा पट ताकद दोरात ठेवतात. आत पाटी असते, "आठ माणसं", आणि त्या आठांना माहीतही नसतं की वर कितीतरी जास्त ताकद त्यांना धरून उभी आहे. तो नियम मी तीस वर्षं पाळला आणि माझ्या हाताखालची एकही लिफ्ट पडलेली नाही. हे वाक्य मी आजही ताठ मानेने लिहितो.

चूक सकाळी दाढी करताना सापडली. ती बारा पट ताकद दोरात असते. दोर तिथे लावलेला असतो, रात्रंदिवस ताणलेला असतो. मी दोर घेतला आणि कपाटात ठेवला. कपाटात ठेवलेल्या दोराने कुणी वर जात नाही आणि कुणी वाचत नाही. तीस वर्षांच्या मेकॅनिकला ही गोष्ट गेममध्ये कळावी. असो.

जेवणाच्या दिवशी तू एक वाक्य बोलायचं होतंस. "दादा, नोंद उघडा." सगळे गप्प झाले असते, मी पहिला. तू का बोलला नाहीस हे मी ताईकरवी धाकटीला विचारलं. तिने तुझं उत्तर सांगितलं: "दादांना नोंद वाचता येते. वाचतील तेव्हा वाचतील."

यासारखं कुणी मला आजवर मारलेलं नाही.

पाच नोकऱ्यांबद्दलचंही मागे घेतो. आकडा बरोबर होता, वाचन चुकलं. औषधं, गाडी, प्रयोगशाळा, लोकांशी बोलणं, पुन्हा गाडी. बोगदेवाले चार महिने जो माणूस शोधत होते तो तू पाच ठिकाणी जाऊन घडवलास. मीही शाळेबाहेरच शिकलो. मला हे सगळ्यांआधी दिसायला हवं होतं.

चुकलो. हा शब्द सहसा लिहीत नाही, म्हणून पुन्हा वाचून पाहिला. बरोबर लिहिला आहे.

पण हे तुला एकट्याला लिहून भागणार नाही. बोललो पाच माणसांसमोर होतो. दुरुस्ती त्याच ठिकाणी व्हायला हवी.

दादा

रविवार, ६ एप्रिल
शिल्लक दिवस: ६

बोक्या,

दुरुस्ती झाली. दुपारी बारा चाळीसला, सासरेबुवांच्या घरी, त्याच टेबलावर, त्याच खुर्च्यांत. मी सगळ्यांना फोन करून बोलावलं होतं. सासरेबुवा म्हणाले, "जावईबापू, माझा एकाहत्तरावा आहे का आज?"

"नाही. एक दुरुस्ती आहे."

"लिफ्ट नाही आमच्याकडे."

"वाक्याची आहे."

सासूबाई त्या दिवशी खुर्चीत नव्हत्या, स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. मी म्हटलं, तुम्ही दारातच असायला हवं. त्या म्हणाल्या, "गुडघे दुखतात हो माझे, तुमच्या वाक्यासाठी उभी राहू?" मग दारात खुर्ची ठेवली. धाकटी तिच्या जागेवर, तुझी ताई तिच्या. तुझी खुर्ची रिकामी होती, ती मी ओढून टेबलाला नीट लावली.

उभा राहिलो. आधी जानेवारीतलं वाक्य जसंच्या तसं म्हटलं, म्हणजे काय रद्द होतंय ते सगळ्यांना कळावं. मग ओळ ८५५ पासून ८७१ पर्यंत वाचली. मग एक्केचाळीस पॉइंटांचं सांगितलं. कुणाला काही कळेना. तेव्हा सासरेबुवांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "म्हणजे त्याने तुमच्या अंगावरचं स्वतःच्या अंगावर घेतलं आणि तुम्ही त्याला चिंध्या म्हणालात?"

"हो."

"माझ्या टेबलावर?"

"हो. याच."

"मग बसा आता. उभे राहून भरपाई होत नाही." सासूबाई दारातून म्हणाल्या, "त्याला कळवलं का?" मी म्हटलं, पत्राने. धाकटी पहिल्यांदाच हसली. "दादा, पोस्टाने? अंतराळयानाचा निरोप?"

केक मी नेला होता. जानेवारीचा राहिलेला. सासरेबुवांनी कापला.

आता मुख्य मुद्दा, नीट वाच. पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं की ओळंबा तुझ्यासाठी काही करू शकत नाही. नुसता यंत्रज्ञ करू शकत नाही, एवढं ते खरं होतं. वहीतल्या बहात्तर जोड्यांतली शेवटची जोडी मी गुरुवारी केली. मूळ यंत्रज्ञ, जोड वैद्य. तिची करामत: चालू यंत्राला स्वतःचा श्वास जोडता येतो. शीतपेटी हे यंत्र आहे. जोवर माझा श्वास तिला जोडलेला आहे तोवर मुदत थांबते. त्या बदल्यात माझ्या अंगावर साठची जखम येते, आणि पेटीत माणूस आहे तोवर ती भरत नाही.

जोडपेशा माझ्या लेव्हलला घ्यायचा तर चाळीस पॉइंट लागतात.

चार वर्षं मी एकपेशी राहिलो. त्याचा अभिमान होता. सहा वाजून दहा मिनिटांनी दाबलं. ओळंबा आता यंत्रज्ञ आणि वैद्य आहे. पेटीजवळ उभा आहे, साठची जखम अंगावर घेऊन, आणि पेटीवरचा दिवसांचा आकडा विझला आहे. लंगडतो थोडा. शोभतं त्याला.

एक पॉइंट उरला. सवय.

तेव्हा आता घाई नाही. पासवर्ड हरवला असेल तर शोध. राग उरला असेल तर तोही सावकाश संपव. कोणता पेशा घ्यायचा याबद्दल माझा सल्ला मागे घेतला आहे.

आणखी एक, कुणाला सांगू नकोस. डॉक्टरांच्या इमारतीतला इंटरकॉम मी दुरुस्त केला. आत एक तार सुटली होती, बस. सेक्रेटरीबाईंनी विचारलं, "हे तुमचं काम नव्हतं ना?" मी म्हटलं, "जोडकाम आहे."

दादा

रविवार, २० एप्रिल
मोजणी बंद

बोक्या,

आज साडेपाचला यंत्र सुरू केलं. पेटी रिकामी. नोंद उघडली. आता मी आधी नोंद उघडतो.

ओळ १: बोका जागा झाला. पाच वाजून दोन मिनिटं.
ओळ २: पेशे निवडले. मूळ वैद्य, जोड चोर.
ओळ ३: बोका, उचल, ६०.
ओळ ४: ओळंबा, जखम ०.
ओळ ५: बोका बाहेर पडला. पाच वाजून आठ मिनिटं.

सहा मिनिटं यानात होतास. एक शब्द नाही, निरोप नाही, आणि जाताना माझी जखम घेऊन गेलास. नियम वाचायचा असतो, माणसा. पेटी रिकामी झाली की ती जखम दोन दिवसांत आपोआप भरते. तुला काहीही करायची गरज नव्हती. तुझी ताई खुर्चीच्या मागून वाचत होती. म्हणाली, "वाचला असेल त्याने नियम. तरी घेतली असेल." आणि बाल्कनीचं दार उघडं टाकून धाकटीला फोन लावला. सगळं ऐकू येत होतं. दोघी आपल्यावर हसत होत्या.

ती जखम माझी आहे. चाळीस पॉइंट घालून मिळवली आहे. चार वर्षांत पहिल्यांदा ओळंब्याच्या अंगावर दाखवण्यासारखं काहीतरी होतं, आणि दोन आठवड्यांत चोर ते घेऊन गेला.

उरलेला एक पॉइंट आज खर्च केला. यानाच्या दारावर पाटी लावायला एकच पडतो. लिफ्टमध्ये असते तशी, अक्षरं सरळ रेषेत, ओळंबा लावून बघितली.

डबा. क्षमता: दोन माणसं. राखीव: काही नाही.

पुढच्या रविवारी साडेपाचला ये. जखम घेऊन ये, मोजून घेणार आहे.

दादा